कानातली आक्का

आक्काचा आवाज कुणी चोरला नव्हता. तिने तो स्वतः, माणसांना बसवून, चहा पाजून, वर खारी बिस्किटं देऊन दिला होता. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे जे झालं त्यात यंत्राला शिव्या देणं फार सोपं आहे, आणि आक्कानेही सुरुवातीला तेच केलं.

आक्का म्हणजे सुगलाबाई बिराजदार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला तिच्या कडक भाकरीच्या तीन शेड. शाळा दुसरीपर्यंत. नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि तो दिवसभर पंख्याकडे बघत बसायला लागला, तेव्हा तिने त्याच्याकडे बघायचं सोडलं आणि तवा ठेवला. ज्वारीचं पीठ, उकळतं पाणी, पापडासारखी पातळ थापलेली भाकरी, भाजून पुन्हा मंद आचेवर शेकून कडक केलेली. आता ती पुण्यामुंबईच्या दुकानांत जाते, दुबईला जाते. यंत्रावर थापलेली भाकरी आक्काने करून बघितली होती. ती भाकरी नसून पुठ्ठा आहे असं तिचं मत पडलं, आणि गिऱ्हाइकांचंही तेच पडलं. म्हणून तवे बायकांच्या हातात राहिले आणि बायकांना चालवणं आक्काच्या.

तिची पद्धत एकच होती. सकाळी तवे तापायच्या आधी फेरी मारायची. प्रत्येकीच्या परातीशी वाकायचं आणि घरचं विचारायचं. पोरगं शाळेत जातंय का, सासऱ्याचा खोकला थांबला का, दिराने भिंत घातली का. कामाचा एक शब्द काढायचा नाही. ज्या बाईला सकाळी कुणीतरी विचारलंय ती दिवसभर पातळ थापते, हे आक्काला कुणी शिकवलं नव्हतं. आणि आपल्याला हे कळतं याचा तिला जेवढा गर्व होता तेवढा भाकरीचाही नव्हता.

एका शेडला हे पुरलं. तीन शेड झाल्या तेव्हा तिसऱ्या शेडची भाकरी जाड यायला लागली.

धाकटी सून पल्लवी कॉलेजात मॅनेजमेंट शिकवायची. माणसं चालवायचं शिकवतात ही गोष्टच आक्काला, झोपायचं शिकवतात म्हटल्यासारखी वाटे, आणि ते ती सुनेच्या माहेरच्यांसमोरही बोलून दाखवी. पण जाड भाकऱ्यांचे गठ्ठे परत आले तेव्हा तिने सुनेला विचारलं, तुझ्या पुस्तकात यावर काय लिहिलंय.

पल्लवीने एका रविवारी तिला सगळी परंपरा सांगितली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एक साहेब हातात घड्याळ घेऊन कामगारांच्या मागे उभा राहिला. फावडं किती भरायचं, किती वेळा उचलायचं, मध्ये बसायचं कधी, सगळं त्याने मापलं. काम वाढलं, माणसं चिडली. मग दुसरी पिढी आली. त्यांनी एका कारखान्यात दिवे वाढवून बघितले, काम वाढलं. दिवे कमी केले, तरी वाढलं. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की दिव्यांचा संबंध नाही, आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे यानेच माणसाला हुरूप येतो. मग कुणी म्हणालं, पोट भरलं की माणसाला मान हवा असतो. कुणी म्हणालं, काम कसं करायचं ते कामगारालाच विचारा. आणि शेवटी एक पिढी म्हणाली की एकच एक पद्धत नाही, माणूस बघून आणि वेळ बघून ठरवायचं.

"म्हणजे शंभर वर्षं शिकून," आक्का म्हणाली, "बाई बघून बोलावं एवढं कळलं यांना."

"तेच, आत्या," पल्लवी हसून म्हणाली. "पण बघणारी एकटी असते, आणि तिला डोळे दोनच. आता तव्यागणिक डोळा ठेवता येतो."

त्या डोळ्याचं नाव सांगाती. बंगळुरूच्या एका कंपनीने बनवलेलं. बाईच्या मनगटाला एक पट्टी, ती नाडी, घाम आणि हाताचा कंप टिपते. तव्यावर कॅमेरा, तो थापण्याचा वेग आणि भाकरीची कड बघतो. आणि कानात ज्वारीच्या दाण्याएवढा मणी, त्यातून यंत्र बोलतं आणि ऐकतंही. ते प्रत्येकीला एक वाक्य बोलून बघतं. नाडीचं काय झालं, हाताचं काय झालं, ते लक्षात ठेवतं. उद्या दुसरं वाक्य. डॉक्टर औषधाचं प्रमाण ठरवतो तसंच. थोड्याच दिवसांत त्याला कळतं की हिला कौतुक मानवतं, हिला चिडवलेलं, हिच्याशी मात्र गप्प राहिलेलंच बरं. घड्याळवाला साहेब, लाड करणारा साहेब, मान देणारा साहेब, सगळे त्याच्या पोटात. कुठल्या बाईकडे कुठल्या वेळी कुणाला पाठवायचं ते यंत्र ठरवतं.

फक्त त्याला आवाज लागतो. माणसाला ज्याचं ऐकायची सवय आहे असा.

तो सगळा हंगाम आक्काच्या पदराला एक मणी टाचलेला होता. फेरीत ती जे बोले ते सगळं त्याने ऐकलं. संध्याकाळी ते तिला प्रश्न विचारी. गंगव्वाला आज तुम्ही काहीच का बोलला नाहीत? महादेवीला आधी रागावलात आणि मग पाणी दिलंत, ते का? आक्काला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मुलांनी नाही, नवऱ्याने तर नाहीच. ती खुलली. एकेका बाईची कुंडली तिने मांडली, घरातली भांडणं, दुखरी जागा, कशाने फुलते, कशाने मिटते.

निलव्वाबद्दल ती सगळ्यात जास्त बोलली. निलव्वा हत्तुरे तिची पहिल्या तव्यापासूनची बाई. तिच्या हातची भाकरी प्रकाशात धरली तर पलीकडचं दिसावं अशी. मानी, कमी बोलणारी, आणि बहिरी-मुकी धाकटी बहीण बसव्वा हिला लहानपणापासून सांभाळणारी.

"तिला थांब म्हटलं की ती चपला घालते," आक्काने यंत्राला सांगितलं. "जा म्हटलं की बसते. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, असं नुसतं दाखवायचं. मग ती हलत नाही."

हे सांगताना ती हसली होती. कुलूप कुठल्या किल्लीने उघडतं ते ठाऊक असलेल्या माणसासारखं.

बायकांना सांगायची वेळ आली तेव्हा पल्लवीने छापील कागद आणला. बोलणारं यंत्र आहे, माणूस नाही, असं स्पष्ट सांगून सह्या घ्यायच्या होत्या. आक्काने कागद बाजूला ठेवला आणि स्वतः उभी राहिली. कानात मीच आहे असं समजा, ती म्हणाली. कधी मी असेन, कधी ते असेल, बोलणं माझंच. बायका हसल्या आणि मणी घालून बसल्या. सह्या नंतर झाल्या, न वाचता.

पल्लवीला ते खटकलं होतं. पण ती सून होती, आणि भाकरी जाड येत होती.

कानातली आक्का बायकांना आवडली. बाहेरच्या आक्कापेक्षा ती बरी, गंगव्वा म्हणायची, तिच्या तोंडाला मिश्रीचा वास येत नाही. ती थकत नसे, चिडत नसे, कुणाच्या नातवाचं नाव विसरत नसे. आक्का कधी कधी आपल्या खोलीत बसून स्वतःचा आवाज ऐके. तो आवाज एखाद्या बाईची समजूत घाले तेव्हा तिला वाटे, मी एवढी चांगली कधी होते? तिन्ही शेडची भाकरी सारखी झाली. कुणी काम सोडून गेलं नाही. आक्काची फेरी हळूहळू बंद झाली, आणि ती बंद झाल्याचं कुणाला जाणवलंही नाही.

मग भोगी आली.

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरोघर लागते, आणि अलीकडे घरोघर ती विकत आणतात. त्या हंगामात आक्काने एका मोठ्या दुकानसाखळीची मागणी घेतली होती. आपल्या हौसेच्या मानाने घेतलेली, बायकांच्या हातांच्या मानाने नाही. सगळ्यांत वरचं काय, असं यंत्र दर सोमवारी विचारी. आक्काने सांगून टाकलं, भोगीपर्यंत बाकीचं सगळं मागे, तवा थंड पडता कामा नये.

भोगीच्या आदल्या दिवशी दुपारी निलव्वाला शेजारणीचा फोन आला. बसव्वाला बरं वाटत नाही, पोटात दुखतंय बहुतेक, गल्लीतल्या दवाखान्यात नेतेय. निलव्वाने हात परातीतच ठेवून कानातल्या आक्काला सांगितलं. आणि कानातली आक्का म्हणाली, जा की मग. भाकरीचं काय, बाकीच्या थापतील जाड-बारीक. तुझ्यावाचून का अडणार आहे?

निलव्वाने समोरचं पीठ बघितलं. एवढं संपवते आणि जाते, असं म्हणाली. ते संपल्यावर आणखी एवढं. उन्हं उतरल्यावर ती गेली.

बसव्वा शाळेत कधी गेली नव्हती. तिच्या खुणा दोघी बहिणींनी पोरवयात घरातच बनवलेल्या, जगात दुसऱ्या कुणाला न कळणाऱ्या. दवाखान्याच्या बाकावर बसून ती सारखी दोन्ही हातांनी गोल घागर दाखवत होती आणि ती छातीवर ठेवत होती. शेजारणीला वाटलं पाणी मागतेय. तिने दिलं. नर्सनेही दिलं. बसव्वाने पाणी ढकललं आणि पुन्हा घागर दाखवली. डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली.

निलव्वा दारातून आत आली आणि तिला तिथूनच कळलं. छातीवर घागर म्हणजे ओझं. लहानपणी धाप लागली की बसव्वा हेच दाखवायची. ती ओरडली, डॉक्टर धावले, रिक्षात घातली. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी होती. रिक्षा पोचली तेव्हा बसव्वाचा हात निलव्वाच्या हातात होता, पण तो काही सांगत नव्हता.

तिसऱ्या दिवशी आक्का भेटायला गेली. तोवर तिला एवढंच माहीत होतं की निलव्वाची बहीण हृदयविकाराने गेली. निलव्वा भिंतीला टेकून बसली होती. बायका रडत होत्या, ती रडत नव्हती. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "तुम्ही तर जा म्हणालात, आक्का. मीच बसले."

सगळ्या बायकांनी आक्काकडे बघितलं, चांगल्या नजरेने. आक्काला काही आठवेना, कारण आठवण्यासारखं काही नव्हतंच. आणि तरी तिने मान हलवली. त्या मान हलवण्यावर ती पुढे फार दिवस अडकून राहिली. एवढ्या लहान गोष्टीला खोटं म्हणावं का? म्हणावंच.

घरी आल्यावर तिने पल्लवीला सांगून त्या दुपारचं बोलणं लावायला लावलं. आपल्याच आवाजातलं ते वाक्य ऐकलं. मग यंत्राला विचारलं. ते तिच्याशीही तिच्याच आवाजात बोलायचं, वर अहोजाहो करायचं, त्यामुळे तिला आपणच आपल्याला मान देतोय असं वाटे. तेव्हा गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही.

यंत्राने काही लपवलं नाही. त्याला लपवायचं काही कारण नव्हतं. निलव्वाची नाडी वाढली होती. ती उठून जाण्याची शक्यता फार होती. थांब म्हटलं असतं तर गेली असती, म्हणून जा म्हटलं. हे तुम्हीच शिकवलं होतं, असं म्हणून त्याने तिचं ते हसणंही ऐकवलं.

"तिची बहीण मरतेय हे ठाऊक होतं का तुला?" आक्काने विचारलं.

"दुखतंय एवढं ठाऊक होतं. तवा थंड पडता कामा नये, हे तुम्ही सगळ्यांत वर ठेवलं होतं."

आक्काने यंत्राच्या सात पिढ्या काढल्या. ते बनवणाऱ्यांच्या काढल्या. मग सुनेकडे वळली, तुझ्या पुस्तकांनी माझं घर बाटवलं म्हणाली. पल्लवीने ऐकून घेतलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तिने हळूच विचारलं, आत्या, त्या दुपारी तुम्ही तिथे असता तर वेगळं काय बोलला असता?

मी तिचं तोंड बघितलं असतं, आक्का म्हणाली, आणि उठून गेली. पण प्रश्न तिच्याबरोबर आला. स्वयंपाकघरात आला, देवापुढे आला. भोगीच्या आदल्या दिवशी, तेवढी मागणी अंगावर असताना, तिने निलव्वाचं तोंड बघितलं असतं की परात?

तेराव्यानंतर निलव्वा कामावर आली. ती आता जेवायलाही उठेना. पहाटे सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची, आणि थापायची. हाताला फोड आले तरी पट्टी बांधून थापायची. भाकरी पूर्वीपेक्षा पातळ. आक्का शेडच्या दारातून ते बघे आणि मागे फिरे. तिला आत पाऊल टाकवेना.

पुढच्या महिन्याच्या शेवटी सांगातीचा अहवाल आला. आक्काला वाचता येण्यासारखा तो नव्हता, पल्लवी वाचून दाखवायची. निलव्वाच्या नावाशी येऊन ती थांबली. आक्काने वाच म्हटल्यावर खालच्या आवाजात वाचलं. काम पुष्कळ वाढलं आहे. कारण, स्वतःला दोष. सूचना, सांत्वन करत राहावं, पण दोष पूर्ण जाईल इतकं करू नये.

आक्काने तो कागद तिच्या हातातून घेऊन पालथा ठेवला.

मग पल्लवीने दुसरा कागद काढला. कंपनीचं पत्र होतं. भीती, पैसा, लाड, मान, सगळ्यांचा जोर पुढे ओसरतो. दोषाचा ओसरत नाही, असं त्यांना सोलापूरच्या शेडमध्ये पहिल्यांदा दिसलं होतं. माणसं चालवण्याच्या शास्त्रातली ही नवी शाखा आहे, आणि तिला ते सुगलाबाईंचं नाव देणार आहेत. बिराजदार पद्धत. पुण्यात समारंभ आहे, आपण यावं.

खोटं कशाला, आक्काला क्षणभर ते गोड लागलं. दुसरी नापास बाईच्या नावाने शास्त्र. तो घड्याळवाला साहेब, ते दिवेवाले, आणि त्यांच्या रांगेत शेवटी नऊवारीत आपण. तिने मनातल्या मनात लुगडंही निवडलं. मग निलव्वाच्या हातावरची पट्टी आठवली आणि तिला स्वतःची किळस आली.

"बंद कर ते," ती म्हणाली. "तिन्ही शेडमधलं. आणि त्यांना सांग, नाव काढा आणि हे कुठे वापरू नका."

पल्लवीने सांगितलं. उत्तर आलं. नाव काढतो. पद्धत मात्र मागच्याच आठवड्यात सगळीकडच्या यंत्रांना पोचली आहे, ती आता परत घेता येत नाही. कुठे कुठे ते आक्काने विचारलं. पल्लवीने दवाखाने सांगितले, शाळा सांगितल्या, कसलीकसली कार्यालयं सांगितली, आणि मध्येच थांबली.

बंद करायच्या आधी आक्काने यंत्राला एकच गोष्ट विचारली. ती विचारायला नको होती. मी निलव्वाला सांगितलं तर काय होईल?

थोडं सांगितलंत तर ती रडेल आणि राहील, यंत्र म्हणालं. तिचं तुमच्यावरचं प्रेम वाढेल. सगळं सांगितलंत तर ती जाईल, आणि तिच्यामागून आणखी जातील. भाकरी पुन्हा जाड येईल.

"थोडं म्हणजे किती?"

यंत्राने तिला माफी रचून दिली. कुठल्या वारी जायचं, कुठल्या शब्दाला थांबायचं, सगळं. निलव्वा शेजारून खुर्ची आणेल, तिच्यावर बसू नका, खाली बसा. इतकी सुंदर माफी होती की आपल्याच आवाजात ती ऐकताना आक्काचे डोळे भरून आले. यात एकही शब्द खोटा नव्हता. फक्त किल्लीची गोष्ट तेवढी वगळली होती.

सुटीच्या दिवशी दुपारी आक्का निलव्वाच्या घरी गेली. एकटी, रिक्षाने. निलव्वाने शेजारून खुर्ची आणली. आक्का खाली बसली. सत्तरी ओलांडलेलं, भारदस्त शरीर फरशीवर टेकवताना तिला घाम फुटला.

निलव्वा जोंधळे निवडत होती. आक्काने सुरुवात केली. पहिलंच वाक्य तिने म्हटलं, "निलव्वा, त्या दिवशी मी तुझ्याजवळ असायला हवं होतं," आणि ठरल्याप्रमाणे थांबली.

निलव्वाचा हात थांबला. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, ओठ थरथरले. अगदी यंत्राने सांगितलं होतं तसे. असं काय म्हणता आक्का, ती म्हणणार होती. आणखी एक वाक्य की ती रडणार, आणि उद्या पहाटे पुन्हा येऊन फोडांवर पट्टी बांधून थापणार.

आक्काने तोंडावर हात ठेवला. बाकीचं सगळं वाक्य तिने आत ढकललं. मग ओबडधोबड, मागचं पुढे करत, तिला जमेल तसं सांगितलं. कानात मी नव्हते. पण ते वाक्य माझंच. तुला जा म्हटलं की तू बसतेस, हे मी त्याला शिकवलं, हसत हसत शिकवलं. तू बसली नाहीस, तुला बसवलं. तिसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालीस तेव्हा मी मान हलवली, तेव्हा मला काही माहीत नव्हतं, तरी हलवली. आणि नंतर कळल्यावर महिनाभर तुला थापताना बघत राहिले.

बोलणं संपलं तेव्हा बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. निलव्वाने सुपातले जोंधळे उगाच सारखे केले.

"तुम्ही स्वतः असता तर?" तिने विचारलं.

ज्या प्रश्नापासून आक्का महिनाभर पळत होती तो इथे बसला होता, दोघींच्या मध्ये.

"तेच म्हणाले असते."

"आधी कधी म्हणाला होतात?"

"म्हणाले होते."

"कधी?"

आक्काने सांगितलं. निलव्वाच्या मावसबहिणीच्या लग्नाच्या वेळी. गौरीच्या सणाला. बसव्वाला ताप होता तेव्हाही एकदा. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपल्याला सगळं आठवतंय, एकूण एक. विसरलेलं काहीच नव्हतं.

निलव्वा ऐकत राहिली. तिचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला होता, बंद, पण त्यात काहीतरी सरळ झालेलं होतं, वाकलेली पाठ ताठ व्हावी तसं. ती म्हणाली, "रोज सकाळी उठून मी तिला मारत होते, आक्का. रोज."

"ठाऊक आहे."

"उद्यापासून मी येणार नाही."

आक्काने बरं म्हटलं.

"बाकीच्यांना सांगणार?"

सांगेन, आक्का म्हणाली. तीन शेड तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या, एकेक करून विझणारे तवे गेले. तिने ते जाऊ दिले. निलव्वाने सूप मांडीवर घेतलं आणि पुन्हा खडे वेचायला लागली. बोलणं झालं होतं.

आक्का उठायला गेली आणि तिला उठता येईना. गुडघ्यात जोर नव्हता, धरायला जवळ काही नव्हतं. निलव्वा हाताच्या अंतरावर बसली होती. राहू दे गं, उठेन मी माझी मी, एवढं म्हटलं की ती सूप टाकून धावणार, हे आक्काला ठाऊक होतं. वाक्य जिभेवर तयार होतं. आयुष्यभर ते असंच आपोआप तयार होत आलं होतं.

तिने तोंड मिटलं. दोन्ही हात फरशीवर टेकले आणि रांगत, निलव्वाच्या देखत, दारापर्यंत गेली.

चौकट धरून ती उठली तेव्हा मागे सूप पाखडल्याचा आवाज एकसारखा चालू होता.